गिटारच्या मागचा ठोका

“आता गिटार एकटी,” कानसेन म्हणाला आणि त्याने बाकीचे सगळे आवाज मिटवून टाकले.

थोरल्याचे गाणे गेले, पियानो गेला, ड्रम गेले. समोरच्या दोन स्पीकरांतून फक्त गिटार येत राहिली; माझ्या थोरल्याची, त्याच्या ऐन तारुण्यातली. मी खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि भिंतींवर करडे जाड कापड ठोकलेले होते. अशा खोलीत माणसाला स्वतःचा श्वासदेखील ऐकू येतो. तसेच मला गिटारच्या मागे आणखी काही तरी ऐकू आले.

“हे मागे काय धडधडतंय?”

“कचरा आहे, आई,” थोरला म्हणाला. “माइकमध्ये शिरलेला. आज तोच काढायचाय.”

“कसला कचरा?”

“जुन्या रेकॉर्डिंगमध्ये असतो असा. तू नको लक्ष देऊस.”

लक्ष देऊ नकोस, असे मला माझ्या घरात कोणी सांगत नाही. परंतु ते माझे घर नव्हते, त्याचा स्टुडिओ होता. म्हणून मी तेवढ्यापुरती गप्प राहिले.

त्याने मला मुद्दाम गाडी पाठवून बोलावले होते. माझ्या मुलांच्या बँडचा ‘मागची खोली’ हा अल्बम पुन्हा नव्याने, धुऊनपुसून निघणार होता आणि त्यासोबत माझे चार शब्द हवे होते. ते माझ्याखेरीज कोण बोलणार? ती मागची खोली माझी. नवऱ्यामागे त्याची लाँड्री मी चालवली. पुढे गिऱ्हाईक, मध्ये इस्त्रीची टेबले, आणि मागे हॉटेलांच्या नि दवाखान्यांच्या घडी केलेल्या चादरींची छतापर्यंत चढलेली थप्पी. त्या थप्प्यांत आवाज मुरतो हे थोरल्याला कळले आणि त्याने खोली मागितली. थोरला गिटार वाजवी आणि गाई, धाकटा, मित्रांचा ‘ठोक्या’, ड्रम बडवी, आणखी दोघे मित्र होते. मी खोली दिली. पण अट घालून दिली. दोघे भाऊ एकत्र राहाल तर खोली. एकाने दुसऱ्याला सोडले, की त्याच दिवशी कुलूप. दोघांनी माझ्यासमोर मान डोलावली होती.

पहिले तीन अल्बम म्हणजे नुसता दंगा. इस्त्री करणाऱ्या बायका कानात कापूस घालून काम करीत. चौथा हा. तो ऐकला आणि मी हातातले काम खाली ठेवले. ही मुले थांबायला शिकली होती. एक ठोका पडावा, आणि दुसरा पडण्याआधी माणसाला आपले काही आठवावे, इतकी जागा त्या गाण्यांत होती. मुलांचा बँड या अल्बममध्ये वयात आला, असे जाणकारांनी छापून लिहिले. ड्रमच्या मागे ड्रमची एक पुसट सावली पडते, जणू शेजारच्या खोलीत कोणी येरझारा घालते आहे, असेही कौतुक झाले. ते कसे साधले, असे थोरल्याला विचारले, की तो म्हणे, “आपोआप आलं.” आणि हा अल्बम ऐकण्यासाठी आहे, नाचण्यासाठी नाही, असे सांगून त्याने तो रंगमंचावर वाजवण्यास साफ नकार दिला. त्याचेही कौतुकच झाले. वर्षभरात बँड पांगला. थोरला या धंद्यात मोठा झाला, धाकटा लिफ्टचा मिस्त्री झाला. मला दोघांचाही सारखाच अभिमान होता. किंबहुना धाकट्याचा अंमळ अधिक, कारण त्याच्याजवळ दाखवायला ही एकच गोष्ट होती.

थोरल्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

“आता ड्रम एकटे लाव,” मी कानसेनला म्हटले.

हा आमचा जुना रेकॉर्डिस्ट. तेव्हाही तोच होता. कान तीक्ष्ण म्हणून मुलांनी ठेवलेले नाव आता त्याच्या पांढऱ्या केसांनाही चिकटून राहिले आहे.

“काकू, ड्रममध्ये काय ऐकायचं? नुसती धपधप. आपण चहा घेऊ.”

“धपधप माझ्या मुलाची आहे. आणि चहा मी घरून पिऊन आले आहे. लाव.”

“दादा येऊ दे ना.”

“तुझ्या दादाला चालायला मी शिकवले. लाव म्हटले ना?”

त्याने लावले. घाईत त्याच्याकडून एक चूक झाली. गाणे सुरू होते तिथून न लावता त्याने ती फीत अगदी आरंभापासून सुरू केली. रेकॉर्डवर तेवढा भाग कापून टाकलेला असतो, म्हणून तिथे काय आहे हे तोही विसरला असावा. आधी खुर्ची सरकली. मग कोणी तरी खाकरले. मग एक घोगरा, पोक्त, परका आवाज बोलला:

“साहेब, कानात तो जुना ड्रम येतोय. बंद करा ना, मी गडबडतो.”

दुरून उत्तर आले. तो तरुणपणीचा कानसेन होता. “बंदच केलाय हो. पण थोडा गिटारच्या माइकमध्ये शिरलाय, तो काही निघत नाही. तुम्ही दुर्लक्ष करून वाजवा.”

“बरं बाबा. घ्या. एक, दोन, तीन, चार—”

आणि तो ड्रम सुरू झाला. संथ, जागा सोडणारा. तोच, जो मी इतकी वर्षे लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येकाला ‘हा माझा धाकटा’ म्हणून ऐकवला होता.

कानसेनने हात पुढे करून तो बंद केला, पण आता बंद करून उपयोग नव्हता. थोरला दारात उभा होता. त्याच्या हातातल्या फोनवर कोणी तरी अजून बोलत होते.

“हा कोण?” मी विचारले.

“आई, तू आधी—”

“मी एवढेच विचारले, की हा कोण.”

त्याने फोन खिशात टाकला आणि समोर येऊन बसला. खोटे बोलायला लागला असता, तर बरे झाले असते, असे मला आज वाटते. पण त्याने सरळ सांगितले.

“बाहेरून आणला होता. दोन दिवसांसाठी, लाँड्री बंद झाल्यावर. ठोक्याचं वाजवून झालं होतं, तो घरी गेला होता. ह्याने त्याच फितीवर वाजवलं. ठोक्याचं पुसलं गेलं.”

“पुसले गेले की पुसलेस?”

“पुसलं. आई, ठोक्या लयीच्या पुढे पळत होता. प्रत्येक गाण्यात पळत होता. आधी चाललं, तेव्हा आम्ही सगळेच पळत होतो. ह्या गाण्यांना थांबणारा माणूस पाहिजे होता. त्याला दहा वेळा सांगितलं. तो हो म्हणायचा आणि पुन्हा पळायचा. त्याचा हातच तसा आहे, त्याला तो तरी काय करणार?”

“मग त्याच्या तोंडावर सांगायचे होतेस.”

“आणि तू? दोघं नाहीत तर कोणीच नाही, हे कोणाचं वाक्य आहे?”

“माझे. आणि ते मी आजही मागे घेत नाही.”

“बघ. मग मी काय करायला हवं होतं? तुझी अट मोडली नाही मी. कव्हरवर त्याचा फोटो आहे, त्याचं नाव आहे. दोघं भाऊ एकत्र. तुला हवं तसं.”

माझ्या शब्दाबाहेर माझ्या घरात कोणी गेले नाही, या समजुतीवर मी आयुष्य काढले. शब्द पाळूनही माणसाला फसवता येते, हे मला त्या करड्या खोलीत वयाच्या या टप्प्यावर समजले, आणि समजावून सांगणारा माझ्या पोटचा होता.

“मग तो कचरा,” मी म्हटले. “गिटारच्या मागचा. तो कोण आहे?”

कानसेन पायाकडे बघत म्हणाला, “ठोक्याच आहे, काकू. दोघं एका खोलीत बसून वाजवत होते ना. दादाच्या माइकमध्ये ठोक्याचा ड्रम शिरला. ड्रमच्या फितीवरून गेला, पण गिटारवर राहिला. लोकांना वाटतं, आम्ही मुद्दाम केलंय.”

“आणि तो आज काढायचा आहे.”

“संध्याकाळी सगळं पुढे पाठवायचंय,” थोरला म्हणाला. “तेव्हा काढता येत नव्हतं, आता येतं. आई, लोक त्याला खोली म्हणतात, सावली म्हणतात, काय काय म्हणतात. मला तो ऐकू येतो. माझं सगळ्यात चांगलं काम, आणि ते लावलं की प्रत्येक वेळी मागून तो येतोच.”

मी उठले. “मी परत येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही,” असे बजावून मी त्याच्याच गाडीत बसले.

धाकट्याचे काम त्या दिवशी एका मोठ्या दवाखान्यात होते, हे मला माहीत होते. रोज सकाळी त्याचा फोन येतो. तळमजल्यावर लिफ्टचे दार उघडे होते, त्यापुढे ‘काम चालू आहे’ अशी पाटी होती आणि आत लिफ्ट तळघरात उतरवून थांबवलेली. तिच्या टपावर उकिडवा बसून तो वर बॅटरी मारत होता. बाहेर चारपाच माणसे ताटकळत होती.

“ओ मिस्त्री, अजून किती वेळ?” एक गृहस्थ डाफरले. “आम्हाला वर जायचंय!”

“दवाखान्यात वर जायची इतकी घाई करू नये, साहेब,” आतून माझा मुलगा म्हणाला. “जिना आहे, तो वापरा. हवापालट होईल.”

लोक हसले. ते गृहस्थही हसले आणि जिन्याकडे वळले. याला हे लहानपणापासून साधते. शाळेत बाक वाजवून मार खाल्ला, तेव्हाही मास्तरांना हसवूनच सुटला होता. ‘ठोक्या’ हे नाव तिथलेच. मी त्या नावाने त्याला कधी हाक मारली नाही.

मी पाटीच्या पलीकडे उभी राहिले. त्याच्या बॅटरीचा झोत माझ्या पायांवर पडला, मग वर सरकला.

“आई? कोण गेलं?”

“कोणी गेलेले नाही. बाहेर ये.”

तो हातावर जोर देऊन वर आला, ग्रीसचे हात चिंधीला पुसत. पन्नाशी उलटलेला माणूस, पण माझ्यासमोर आला की अजून केसांवरून हात फिरवतो. या वेळी हात काळे असल्याने त्याने कोपर फिरवले. आम्ही जिन्याखालच्या बाकावर बसलो. काय बोलायचे ते मी गाडीत नीट जुळवून ठेवले होते. त्यातले एकही वाक्य मला आठवेना.

“मी आज थोरल्याच्या स्टुडिओत गेले होते. तिथे मला त्या अल्बमचे ड्रम एकटे ऐकवले.”

तो चिंधीची घडी घालू लागला. अगदी व्यवस्थित, लाँड्रीतल्यासारखी, काठाला काठ.

“कानसेनच्या हातून चूक झाली वाटतं,” तो म्हणाला.

मला क्षणभर कळले नाही. मग कळले.

“तुला माहीत आहे?”

“आई, स्वतःचा हात कोणाला ओळखू येत नाही?”

“केव्हापासून?”

“तू सगळ्यांना बोलावलंस ना, लाँड्रीत, रेकॉर्ड ऐकायला? तेव्हापासून. सुई टेकली, पहिला ठोका पडला. इतका उशिरा पडणारा ठोका माझा कसा असेल? मला वाटलं, रेकॉर्डच दुसरी आली. मग दादाचा आवाज सुरू झाला. मी दादाकडे बघितलं, दादा बुटाकडे बघत होता. आणि तू मधोमध उभी. इस्त्रीवाल्या मावशी, शेजारचे, गिऱ्हाइकं, सगळी तुझ्याभोवती. तू म्हणालीस, कसं वाजवलंय रे! मी म्हटलं, छान वाजलंय.” तो हसला. “खोटं कुठे बोललो? छानच वाजलं होतं.”

“आणि नंतर? इतकी वर्षे?”

“एकदा हो म्हटलं की पुढे दर वेळी हो म्हणायला काही लागत नाही गं. तू ते कव्हर काचेत घालून गल्ल्याच्या वर लावलंस. चादर टाकायला आलेल्या माणसालासुद्धा सांगायचीस. तिथे मी काय सांगणार, की आई, ते उतरव?”

“सूनबाईला ठाऊक आहे?”

“लग्नाआधीच सांगितलं. म्हणाली, बरं झालं, मला लिफ्ट दुरुस्त करणाराच हवा; ड्रमवाला असतास तर नाही म्हटलं असतं.”

“आणखी कोणाला?”

तो चिंधीची घडी उलगडून पुन्हा घालू लागला, म्हणजे आणखीही होते. बँडमधल्या त्या दोघा मित्रांना ठाऊक असणारच. त्यांपैकी एकाच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते, आणि त्यानेही चकार शब्द काढला नव्हता. थोरल्या सुनेला ठाऊक असणार. सणासमारंभाला मी ती रेकॉर्ड लावायला सांगत असे आणि सगळे मुकाट्याने ऐकत असत. ते गाण्यासाठी शांत बसतात अशी माझी समजूत होती. ते मला सांभाळून घेत होते. मी, जिने तीन पिढ्यांना सांभाळले, त्या मला ही सगळी माणसे एखाद्या हट्टी पोरीसारखी सांभाळून घेत होती.

“तू त्याला जाब विचारला नाहीस?”

“दादाला? विचारणार होतो. पण आई, रेकॉर्ड पुन्हा ऐकली, आणि पुन्हा ऐकली. आणि काय सांगू, त्याचं बरोबर होतं.” त्याने चिंधी खिशात ठेवली. “बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तेवढंच राहिलं मनात. म्हणून मग काठ्या उचलल्याच नाहीत पुन्हा.”

तेव्हा मी त्याला गिटारच्या मागचे सांगितले. कानसेन म्हणाला होता तसे, जसेच्या तसे. त्याला आधी पटेना. मग तो अशा नजरेने माझ्याकडे पाहू लागला, की मला त्याच्याकडे पाहवेना.

“म्हणजे ती सावली म्हणतात, ती?”

“तो तू आहेस.”

“रेकॉर्डवर? इतकी वर्षं?”

“हो. आणि आज संध्याकाळी तो काढणार आहेत.”

तो उठला. पाटीपाशी गेला, लिफ्टचे दार ओढून लावले, कुलूप घातले, आणि जवळून जाणाऱ्या एका परिचारिकेला म्हणाला, “सिस्टर, तासाभरात येतो. तोवर कोणाला आजारी पडू देऊ नका.”

स्टुडिओत तो दारातच थांबला आणि बूट काढू लागला. “राहू दे रे,” थोरला म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही काय झाले ते समजले असावे, कारण कोणी कोणाला काही सांगितले नाही.

“ऐकू का?” धाकट्याने विचारले.

कानसेनने त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि हेडफोन पुसून पुढे केले. मला बाहेर काहीच ऐकू येत नव्हते. मी फक्त मुलाचे तोंड पाहत होते. प्रथम तो डोळे बारीक करून, अंधारात कोणाला तरी ओळखू पाहणाऱ्या माणसासारखा बसला. मग त्याच्या गालावर हसू फुटले.

“पळतोय बघ गाढव,” तो मोठ्याने म्हणाला. कानांवर हेडफोन असले की माणूस मोठ्याने बोलतो. “अरे, थांब की जरा! हा बघ, परत पळाला. कसला मजेत पळतोय!”

कानसेनने स्पीकर सुरू केले आणि मग आम्हीही ऐकले. गिटार पुढे; तिच्या मागे, जाड भिंतीपलीकडून यावा तसा, उतावळा, धसमुसळा ठोका. मला गाण्यातले कळते असा माझा दावा नाही. परंतु थोरल्याचे म्हणणे खरे होते, एवढे मलाही कळले. त्या ठोक्यावर ते गाणे उभे राहिले नसते. आणि तरीही त्या अख्ख्या अल्बममध्ये जिवंत असे काही मी आजवर ऐकले असेल, तर ते हेच, हेही मला कळले. दोन्ही एकाच वेळी कळले, आणि त्याने माझा राग कमी झाला नाही.

धाकट्याने हेडफोन मानेवर ओढले.

“दादा,” तो म्हणाला, “राहू दे ना हे.”

त्याने भावाकडे जन्मात काही मागितलेले मला आठवत नाही.

थोरला हलक्या आवाजात, समजूत घालावी तसा म्हणाला, “जुन्या रेकॉर्डींवर आहेच की तू. ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडे राहशील.”

“जुन्या आता कोणाकडे आहेत? ह्यापुढे लोक हेच ऐकणार ना?”

“म्हणूनच. ठोक्या, मी पण थकलोय रे. डॉक्टर म्हणतात, डावा कान जाणार. मला हा अल्बम एकदा, फक्त एकदा, डोक्यात होता तसा ऐकायचाय. स्वच्छ.”

“काही काढायचे नाही,” मी म्हटले. “कानसेन, उठ तिथून. मी सांगते आहे.”

कानसेन उठला नाही. थोरल्याने माझ्याकडे मानही वळवली नाही.

“आई, ही तुझी लाँड्री नाही.”

माझ्याशी त्या आवाजात आजवर कोणी बोलले नव्हते. माझे ऐकणारे तिथे कोणी उरले नव्हते.

“असू दे, आई,” धाकटा म्हणाला. त्याने खुर्ची थोडी मागे घेतली, थोरल्यासाठी जागा केली. “काढ. पण दादा, तू काढ, कानसेनला नको लावूस. मागच्या वेळी मी घरी गेलो होतो. ह्या वेळी बसलोय.”

थोरला येऊन त्याच्या शेजारी बसला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर गिटारची रेघ होती, आणि तिच्या खाली, धुळीसारखी, धाकट्याच्या ठोक्यांची बारीक बारीक टिंबे. त्याने ती सगळी निवडली. माउसवर त्याचा हात थांबला. तो थांबेल असे मला वाटले. त्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याने मान हलवली नाही, डोळेही वळवले नाहीत. तो नुसता बसून राहिला, भाऊ काय करतो ते पाहत.

थोरल्याने बटण दाबले. टिंबे गेली.

“लाव आता,” धाकटा म्हणाला. “सगळं एकत्र.”

कानसेनने अख्खे गाणे लावले. ते फार सुंदर होते. इतके नितळ, की प्रत्येक ठोक्याच्या भोवती मोकळी जागा दिसावी. माझ्या मुलाच्या नावाने वाजवणारा तो परका माणूस थांबत होता, वाट पाहत होता, नेमका हवा तिथे येत होता. धाकटा ते गाणे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर पालथे होते आणि ते हलले नाहीत. थोरल्याने डोळे मिटले होते आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होते. ते कशाचे, हे मी विचारले नाही. आजतागायत विचारलेले नाही.

गाणे संपले.

“सुरेख,” धाकटा म्हणाला. मनापासून म्हणाला. मग उठून त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. “दादा, नव्या कव्हरवर माझं नाव नको घालूस. माझं आता काहीच नाही त्यात. त्याचं घाल.”

“कोणाचं?”

“ज्याने वाजवलं त्याचं. बिचारा माझ्या नावावर वाजवून गेला. त्याच्या घरी कोणी कव्हर लावलं नसेल. नाव काय होतं रे त्याचं?”

थोरल्याने कानसेनकडे पाहिले. कानसेन कपाळ चोळू लागला. “सर्कशीत वाजवायचा,” तो म्हणाला. “किंवा कुठल्या तरी हॉटेलात. उंच होता. नाव... नाव काय बरं...”

“आठवा,” माझा मुलगा म्हणाला, “मला घाई नाही,” आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तो दाराशी उभा राहिला.